सुटण्यासाठी लागलेली सुई

नवी मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत बोक्याला मधुमेह झाल्याची बातमी फुटली, की लोक आधी हसतात आणि मग गंभीर चेहऱ्याने विचारतात, ‘सुई लागली का? मग आता सुटका नाही.’ इन्सुलिन म्हणजे शेवटचा टप्पा, एकदा सुरू झालं की जन्माचं चिकटलं, हा समज आपण काका-मामांच्या पिढीपासून सांभाळला आहे आणि आता तो बोक्याच्याही नावे करून टाकतो आहोत. बोक्याच्या बाबतीत गणित उलटं आहे. त्याला इन्सुलिन द्यायचं ते सुटावं म्हणून, आणि टंगळमंगळ केली तर ते कायमचं चिकटायची भीती जास्त. रक्तातली साखर सतत चढी राहिली की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दमतात. बाहेरचं इन्सुलिन हा बदली कामगार. कायमच्या माणसाला रजा मिळावी म्हणून आणलेला. रजा वेळेवर मिळाली तर माणूस पुन्हा रुजू होण्याची आशा असते, उशीर झाला तर त्याच्या फोटोला हार घालायचा. २००९ साली रूम्प आणि रँड यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्लार्जिन इन्सुलिन, घरच्या घरी वारंवार रक्ततपासणी आणि कमी पिठूळ खाणं एवढ्यावर ६४ टक्के मांजरांची सुई सुटली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही शिस्त लागलेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होतं, नंतर लागलेल्यांत ३५. मांजरं अवघी ५५ आणि त्यांचे मालक कमालीचे चिकाटीचे, हा आक्षेप रास्त आहे. सगळीकडे इतकं यश मिळत नाही. पण या आक्षेपातून निघतं काय? यश मालकाच्या चिकाटीवर अवलंबून आहे, हेच.

मुळात हा आजार मांजराला व्हावा यातच मोठा अन्याय आहे. मांजराला गोड चव कळत नाही; त्यासाठी लागणारं जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे जिलबीचं सुख न घेता जिलबीची शिक्षा. बोका जातिवंत मांसाहारी. त्याच्या शरीराची घडण उंदराच्या हिशेबाने झालेली, आणि आपण त्याला चौदाव्या मजल्यावर, जाळी मारलेल्या बाल्कनीत, नसबंदी करून, वाडगाभर कोरड्या दाण्यांसमोर बसवतो. त्या दाण्यांना आकार धरायलाच पीठ लागतं. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं, असं पूर्वी म्हणत. आता शिंकं आपणच उतरवून त्याच्यापुढे ठेवलं आहे. तो फुगतो, आपण त्याला ‘गुबगुबीत’ म्हणतो. मग तो पाणी जास्त पितो, भरपूर खाऊनही वाळतो, आणि मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतो. आपण म्हणतो, वय झालं.

तरीही माणसापेक्षा बोक्याची बाजू बळकट आहे, कारण फ्रिजचं दार त्याला उघडता येत नाही. महाराष्ट्राने दीक्षित की दिवेकर या वादात घरंच्या घरं दुभंगलेली पाहिली. दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी, यावर भाऊ भावाशी बोलेनासा झाला. बोक्याला असलं मत नसतं. त्याला लग्नाचं आमंत्रण येत नाही, श्रीखंडाचा आग्रह होत नाही, ‘आज एक दिवस चालतं’ हे वाक्य तो उच्चारू शकत नाही. ते वाक्य त्याच्या वतीने घरातले उच्चारतात, आणि त्याचं पथ्य मोडतं ते तिथेच. दूधभात, दुधात कुस्करलेली पोळी, चहाबरोबरच्या बिस्किटाचा कोपरा: बोक्याचं पथ्य म्हणजे वास्तविक आजीचं पथ्य. त्यातून कोणीतरी मेथी, कारलं आणि जांभळाच्या बियांची पूड सुचवतं. ती पूड बोक्याच्या तोंडात घालून दाखवायची जबाबदारी सुचवणाऱ्यानेच घ्यावी. ‘मग दिवाळे गावच्या बाजारातून रोज ताजी मासळीच आणतो की,’ हा आक्षेप जास्त चवदार आहे. पण नुसत्या मासळीवर कॅल्शियमसारख्या गोष्टींचा तोल राहत नाही; कमी कर्बोदकांचं ओलं तयार खाणं महाग पडलं तरी हिशेबात बसतं. आणि खाणं बदलायचं तेही डॉक्टरांना विचारून, कारण पीठ कमी केलं आणि इन्सुलिन तेवढंच ठेवलं तर साखर धाडकन खाली येते. बोका झोकांड्या खाऊ लागला तर हिरड्यांना मध चोळून थेट दवाखाना गाठायचा. तेवढी एक वेळ गोड चालतं.

‘हे सगळं डॉक्टरच बघतील ना?’ नाही बघू शकत. टोपलीत कोंबून, रिक्षातून, कुत्र्यांच्या रांगेत बसवून आणलेल्या बोक्याची साखर निव्वळ संतापाने वर चढते. खरा आकडा घरी मिळतो: कान जरा गरम करायचा, कडेच्या बारीक शिरेशेजारी टोचायचं आणि ग्लुकोमीटरच्या पट्टीला पुरेल एवढा थेंब घ्यायचा. बहुतेक मांजरं याला माणसांपेक्षा कमी कुरकुरतात. जास्त जपायचं ते सिरिंजला. आपल्याकडे औषधाच्या दुकानात लाल टोपीची ४० युनिटांची आणि केशरी टोपीची १०० युनिटांची, दोन्ही मिळतात. ग्लार्जिन सहसा मिलीलिटरला १०० युनिटांचं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका युनिटाच्या रेघेपर्यंत भरलं तर एकाऐवजी अडीच युनिट जातं, आणि बोक्याचा डोस तर अर्ध्या-एका युनिटापासून सुरू होतो.

मग आकडे सुधारतात, आणि घरातला सर्वांत उत्साही माणूस म्हणतो, ‘नॉर्मल आली, बंद करा.’ हा माणूस इन्सुलिनला घाबरणाऱ्यापेक्षाही धोकादायक. डोस पाव-अर्ध्या युनिटाने, आकडे बघत, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवायचा असतो, आणि इन्सुलिनशिवाय निदान चार आठवडे साखर ताब्यात राहिली तरच सुई सुटली म्हणायचं. सुटलेल्यांपैकीही साधारण पाव ते एक तृतीयांश मांजरांना आजार पुन्हा गाठतो; खाजेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर त्याचं काम आणखी सोपं. म्हणून ग्लुकोमीटर माळ्यावर टाकू नये, आणि गणपतीला राहायला येणाऱ्या पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं की बोका उपाशी नाही, तो तसा चेहरा करतो.