फ्लोरिडाच्या स्वारीची कैफियत

मुक्काम क्लिअरवॉटर, फ्लोरिडा
मार्च अखेर

तीर्थरूप दादा व तीर्थरूप सौ. वहिनी यांच्या चरणी बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले कृपापत्र आम्ही फिलाडेल्फियाहून निघण्याच्या आदल्या दिवशी पावले. त्यात आपण पृच्छा केली आहे की, मुलांच्या शाळा चालू, प्राप्तिकराचे कागद रुजू करण्याची मुदत उंबरठ्यावर, आणि अशा समयी घरास कुलूप ठोकून सहकुटुंब हजार मैल दक्षिणेस जाण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन एकच, आणि ते आपल्या भावजयीचे आहे. सांगलीच्या घरी क्रिकेटचे धावते समालोचन सुरू झाले की जी बाई रेडिओचा कान पिळून भजने लावीत असे, तीच येथे आल्यापासून फिलीज नामक बेसबॉल संघाची इतकी निस्सीम भक्त झाली आहे की, संघ हरला म्हणजे त्या रात्री आमच्या आमटीत मीठ पडत नाही, आणि जिंकला म्हणजे दोनदा पडते. अशा भक्तास फाल्गुनात फ्लोरिडाची वारी चुकवून चालत नाही.

या वारीचे स्वरूप असे. बेसबॉलचा खरा हंगाम मार्चच्या अखेरीस उभा राहतो. परंतु त्यापूर्वी, उत्तरेची नगरे बर्फाने गारठलेली असताना, तीसही व्यावसायिक संघ ऊन शोधीत दक्षिणेस उतरतात आणि अंग मोकळे करण्यासाठी आपसांत सामने खेळतात. निम्मे संघ ॲरिझोनाच्या वाळवंटात जातात, त्यांच्या मेळ्यास कॅक्टस लीग म्हणतात. उरलेले निम्मे येथे येतात, त्यांची ती ग्रेपफ्रूट लीग. या दुसऱ्या नावाशी एक कथा जोडलेली आहे. १९१५ च्या मार्चमध्ये डेटोना बीच येथे ब्रुकलिन संघाचे स्थूलदेही व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन यांनी विमानातून टाकलेला चेंडू झेलून दाखविण्याची पैज घेतली. रूथ लॉ या धाडसी वैमानिक बाई आकाशात गेल्या खऱ्या, परंतु वरून आला तो चेंडू नव्हता, पपनशीच्या कुळातले ग्रेपफ्रूट होते. ते छातीवर आदळून फुटले, आणि अंगावर ओघळणारा रस म्हणजे आपलेच रक्त होय अशा समजुतीने त्या बिचाऱ्या गृहस्थांनी एकच आकांत मांडला. दादा, त्याच मार्च महिन्यात आपल्या सांगलीत विजय हजारे जन्मास आले. एकाच मासात एका खंडावर फळ पडले आणि दुसऱ्यावर फलंदाज अवतरला, याहून मोठी तुलना मी करू इच्छीत नाही, कारण हे पत्र टपालात पडण्यापूर्वी सौ. वाचणार आहे.

निघण्यापूर्वी घरात तहनामा झाला. पहिल्या कलमान्वये सौ. हिला सामने मिळाले. दुसऱ्या कलमान्वये चिरंजीव व कन्या यांस ऑर्लँडो येथील डिस्नेच्या करमणुकीच्या नगऱ्या मिळाल्या. आणि समुद्रकिनारी छत्रीखाली स्वस्थ पडून राहावे, असा जो माझा अर्ज होता, तो उभय पक्षांनी सहानुभूतीपूर्वक ऐकून दप्तरी दाखल केला. मोटार हाकणे, पाण्याच्या बाटल्या वाहणे व सर्वत्र पैसे देणे ही खाती पूर्ववत माझ्याकडेच राहिली.

फिलीज संघ १९४७ पासून वसंतात या क्लिअरवॉटर गावी उतरतो. फिलाडेल्फियाच्या प्रचंड क्रीडागारात आम्ही ज्या माळ्यावर बसतो, तेथून खेळाडू ओळखायचे ते केवळ श्रद्धेने. येथील टुमदार मैदानावर मात्र आपण हिरवळीच्या उतारावर सतरंजी पसरावी, आणि ज्याला वर्षाकाठी कोट्यवधी डॉलर मिळतात असा पुरुष हाताच्या अंतरावरून, सूर्यफुलाच्या बियांची टरफले थुंकीत, जावा. कुंपणाला रेलून आम्ही एका तरुण पिचरचा सराव पाहिला. साठ फूट सहा इंचांवरून सुटलेला चेंडू डोळ्यांस जवळजवळ दिसतच नाही. कॅचरच्या जाड चामडी पंजात तो बसल्याचा आवाज तेवढा कानांवर येतो, आणि तो असा कोरडा व भरीव असतो की चिरंजीवाने प्रत्येक वेळी डोळे मिटून घेतले.

सौ. मात्र डोळे मिटीत नाही. ती हिशेब लिहिते. बेसबॉलचा सामना चौकोनांच्या वहीत उतरवून घेण्याची एक जुनी पद्धत आहे, आणि जन्मभर लेखापालाचे काम केलेल्या बाईस ती सापडल्यावर मग विचारता काय! मैदानावरील नऊ जागांना नऊ अंक. त्यामुळे चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तेथून तो पहिल्या बेसवर गेला व दोघे एकदम बाद झाले, हे सारे महाभारत ती ‘६-४-३’ एवढ्यात आटोपते. तीनदा हुकून बाद झालेल्याच्या नावे ‘के’ हे रोमन अक्षर पडते. पण तो शेवटच्या चेंडूवर बॅट न हलवता नुसता पाहत उभा राहिला असेल तर तेच अक्षर आरशातल्यासारखे उलटे काढतात, आणि ते उलटे ‘के’ काढताना सौ. पेन्सिल जितकी दाबते, तितकी तिने माझ्या चुकांवर बोलतानाही कधी जीभ दाबलेली नाही. शेजारी बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ दर दोन डावांनी उठून जात आणि परतल्यावर तिच्या वहीवरून मधल्या काळाची बाकी मुकाट्याने स्वतःच्या वहीत उतरवून घेत. दोघांत इतर संभाषण असे झालेच नाही, तरी निरोपाच्या वेळी त्यांनी टोपी काढून तिला नमस्कार केला.

या सामन्यांची खरी गंमत अशी की त्यांचा निकाल कोठेही धरला जात नाही. नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर बरोबरीच लिहून सारे घरी जातात. नामांकित खेळाडू चार-पाच डाव खेळून, पिशवी खांद्यास लावून, भर सामन्यातून निघून जातात, आणि त्यांच्या जागी ज्यांच्या पाठीवर कित्येकदा नाव नसून नुसता नव्वदीचा कोणता तरी आकडा असतो अशी उमेदवार मंडळी उतरते. हंगाम सुरू होईतो येथे नामांकितांचाही पगार सुरू होत नाही, केवळ भत्ता मिळतो. संघात अखेर सव्वीस जणांचीच वर्णी लागायची असते व छावणीत त्याच्या दुपटीहून अधिक माणसे असतात. म्हणून आठव्या डावात, निम्मे प्रेक्षक उठून गेले असता, भुईमुगाच्या टरफलांनी भरलेल्या पायऱ्यांसमोर हा नव्वदीचा मुलगा जिवाच्या करारावर धावत सुटतो. मैफल संपल्यावरचा नव्हे, तर मैफलीपूर्वीचा रियाज दाराआडून ऐकण्यात जे सुख असते, तेच मला येथे लाभले.

ब्रेडेंटन या गावच्या १९२३ साली बांधलेल्या मैदानावर तर हे सुख ममत्वाने भरून आले. ते पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाचे ठाणे. २००८ साली आपल्या हिंदुस्थानात वेगवान चेंडूफेकीची एक स्पर्धा झाली, आणि उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह व दिनेश पटेल या भालाफेक करणाऱ्या दोन तरुणांना, ज्यांनी पूर्वी बेसबॉलचा चेंडू हातीही धरला नव्हता, या पायरेट्सनी करार देऊन याच गावी उमेदवारीस आणले. पुढे डिस्ने कंपनीने त्यांच्या कथेवर ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपट काढला. त्यांतील रिंकू सिंह अखेर व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरले, हे ऐकून कोणत्याही सांगलीकरास गड्याने योग्य तोच निर्णय घेतला असे वाटल्यावाचून राहणार नाही. आमच्या तहाच्या दोन कलमांना, म्हणजे बेसबॉलला आणि डिस्नेला, जोडणारा हा एकमेव हिंदुस्थानी दुवा मी मोटारीत मोठ्या अभिमानाने विशद केला, तेव्हा कन्येने विचारले, “मग आपण डिस्नेला केव्हा पोचणार?”

पोचलो, वाटेत लेकलँड येथे डेट्रॉइटच्या टायगर्सना ओझरते मुजरे करून. दादा, हे डिस्नेचे प्रकरण बागेचे नव्हे, संस्थानाचे आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत भलभलत्या नावांच्या कंपन्यांमार्फत, भाव चढू नये म्हणून आपले नाव गुप्त राखून, येथील सुमारे २७,००० एकर दलदल व रान खरेदी केले. १९६७ साली राज्याच्या विधिमंडळाने त्या मुलखास अशी सनद बहाल केली की रस्ते, सांडपाणी, आगीचे बंब, इमारतींचे परवाने हा सारा कारभार त्यांचा त्यांनीच पाहावा. इतकेच नव्हे, मनात आल्यास अणुविद्युत केंद्रही उभारावे! आपली सांगली १९४८ साली विलीन झाली, आणि त्यानंतर एकोणीस वर्षांनी लोकशाहीच्या या माहेरघरी उंदराच्या नावे नवे संस्थान स्थापन झाले, हा इतिहासाचा विनोद आपणांस रुचेल. १९७१ च्या ऑक्टोबरात त्याचे दरवाजे उघडले. वॉल्ट डिस्ने तत्पूर्वीच निवर्तले होते. २०२३ साली राज्य सरकारने त्या कारभारी मंडळावर आपली माणसे बसविली. तेव्हा खालसा धोरणही येथे अगदीच अज्ञात राहिलेले नाही.

व्यवस्था मात्र अशी चोख की पेशवाईच्या फडणिसांनी धन्य म्हणावे. मॅजिक किंगडम नामक नगरीत आपण ज्यास जमीन समजून चालतो, तो वस्तुतः वरचा मजला आहे. खाली भुयारी रस्त्यांचे जाळे असून सेवकवर्ग तेथून ये-जा करतो. हेतू एवढाच की जुन्या पश्चिमेतल्या गुराख्याचा वेष केलेला नट भविष्यकाळाच्या नगरातून चालत जाताना पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये. कोणत्या पाळण्यात केव्हा बसावयाचे याची वेळ भ्रमणध्वनीवर आधीच राखून ठेवता येते. वेगळे शुल्क भरणाऱ्यास वेगळी रांग असते. आणि रांगेची वळणे अशा कौशल्याने फिरविलेली असतात की माणसास आपण पुढे सरकत आहो असा दिलासा अखंड मिळत राहतो. चिरंजीवाने या सर्वांचे वेळापत्रक मिनिटांच्या हिशेबाने आखले होते, आणि त्यात जेवणास जी जागा दिली होती तीत दशमी उभ्यानेच खाता येत असे.

ॲनिमल किंगडम नामक दुसऱ्या नगरीत आम्हांस स्वदेश भेटला. तेथे ‘आनंदपूर’ नावाचे एक काल्पनिक आशियाई गाव वसविले आहे. पोपडे उडालेल्या भिंती, विटलेल्या जाहिराती, गंजलेल्या सायकली, लोंबत्या तारा, पडझड झालेला महाराजांचा वाडा व त्यात खरेखुरे वाघ. ही सारी जीर्णता कारागीर लावून, पैसे ओतून, मुद्दाम घडविलेली आहे. आपल्या वाड्याच्या मागील भिंतीस गिलावा करण्याचा विचार चालला आहे असे आपण लिहिले होते. माझी नम्र सूचना अशी की तूर्त घाई करू नये.

त्याच नगरीत एव्हरेस्टही आहे. त्याची उंची दोनशे फुटांस किंचित कमी ठेविली आहे, कारण त्याहून उंच बांधकामाच्या माथ्यावर विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लावावा लागतो, आणि लुकलुकणारा हिमालय कोणी खरा मानणार नाही. आत चहाच्या मळ्याची म्हणून जी आगगाडी धावते, तीत बसण्यास ४४ इंच उंची आवश्यक असते. कन्येने त्यासाठी घरूनच डोक्यावर उंच अंबाडा बांधून घेतला होता. परंतु मापाच्या काठीपाशी उभ्या असलेल्या मुलीने तो अंबाडा हलकेच दाबून, हसून मान हलविली. कन्येने पुढील वर्षी फेरअर्ज करण्याचे जाहीर केले. तिच्या सोबतीस कोणीतरी थांबणे प्राप्त होते. मी तत्काळ पुढे झालो, आणि सावलीतल्या बाकावर बापलेक दोघांनी उरलेल्या दशम्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर बसून, शांतपणे संपविल्या. माझा दप्तरी दाखल झालेला अर्ज अशा रीतीने अंशतः मंजूर झाला. आतून आलेला चिरंजीव सांगत होता की गुहेतला तो भला मोठा हिममानव हलत नाही. पूर्वी हलत असे, पण उद्घाटनानंतर लवकरच तो स्तब्ध झाला आणि आता दिव्यांच्या लखलखाटाने त्याच्या हालचालीचा भास घडवितात. सौ. हिने यावर एवढेच म्हटले की, त्याच्या नावे उलटे ‘के’ काढावे.

दादा, एवढ्या भ्रमंतीनंतर माझ्या मनात जो निर्णय स्थिर झाला आहे तो आपणांस निवेदन करतो. जेथे माणसे पोटासाठी घाम गाळावयास आली आहेत, जेथे एका चुकीने उमेदवारास परत घर गाठावे लागते, त्या मैदानावर आम्ही निवांत बसलो, ऊन खाल्ले, शेंगा खाल्ल्या आणि कोणी हरले की जिंकले हे विसरून घरी आलो. आणि जेथे केवळ सुखासाठी सारी सृष्टी निर्माण केली आहे, तेथे आम्ही घड्याळाच्या काट्यावर राबलो. यात त्या नगरीचा दोष नाही. मुले तेथे मनापासून हसली, आणि मीही हसलो. परंतु सुखाचा मक्ता घेतला की त्याची वसुलीही काटेकोर करावी लागते, आणि ज्या गोष्टीचा निकाल कोठेच धरला जाणार नाही तिच्यातच माणसास मोकळा श्वास घेता येतो. आपण निवृत्त होऊनही रोज सकाळी दहाच्या ठोक्यास कोट चढवून बसता, म्हणून हे विशेष आपल्यासाठी लिहीत आहे.

तेव्हा विनंती अशी की, पारपत्राचे नूतनीकरण या उन्हाळ्यातच करून घ्यावे, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर धरावी, आणि पुढील फाल्गुनात उभयतांनी येथे यावे. गुडघ्याची सबब ऐकली जाणार नाही. मैदानात उतार आहे, चढ नाही. आमटीच्या मिठाची हमी मी घेतो. येताना वहिनींनी गोडा मसाला आणावा, आणि आपण चौकोनांची एक जाड वही आणावी, सौ. हिची भरत आली आहे.

कळावे, लोभाची वृद्धी व्हावी ही विज्ञापना.

आपला आज्ञांकित धाकटा बंधू