वर भाड्याने देणे

वर्तमानपत्र हातात आलं की कुणी आधी राशिभविष्य बघतो, कुणी निधनवार्ता. मी छोट्या जाहिराती वाचतो. अग्रलेख लिहिणारा विचार करून लिहितो, जाहिरात देणारा पैसे मोजून लिहितो, आणि माणसाची खरी प्रतिभा खिशाला चटका बसल्यावरच उजळते. घर सोडून गेलेल्या मुलासाठी आईवडिलांनी दिलेली एक जाहिरात मी जपून ठेवली आहे. ‘परत ये, घरी कोणी रागावणार नाही’ यातला एक शब्द गळाला आणि छापून आलं, ‘परत ये, घरी कोणी नाही.’ मुलगा त्याच संध्याकाळी परतला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अशा चुकांचं खापर आपण मुद्राराक्षसावर फोडतो. हा त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे. विशाखदत्ताच्या नाटकातला राक्षस हा नंदांचा एकनिष्ठ अमात्य, आणि मुद्रा म्हणजे त्याची अंगठी. छापखान्यात त्याने कधी पाऊल टाकलेलं नाही. खरे गुन्हेगार खिळे. छापून झालं की जुळवलेला मजकूर मोडून एकेक खिळा आपापल्या घरात परत टाकावा लागे. ‘भ’चा खिळा ‘म’च्या घरात पडला की दुसऱ्या दिवशी गावाचे लाडके भाऊ लाडके माऊ होत. पुढे संगणक आला, खिळे गेले, चुका राहिल्या. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये नेताना एखादा रफार अजूनही शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो.

हे फक्त मराठीचंच दुखणं आहे असं नाही. १६३१ साली लंडनच्या राजमान्य मुद्रकांनी छापलेल्या बायबलातून ‘नको’ तेवढा गळाला आणि ‘व्यभिचार कर’ अशी साक्षात देवाची आज्ञा निघाली. मुद्रकांना तीनशे पौंड दंड झाला. आपल्याकडे दंड होत नाही. आमच्या कोपऱ्यावर ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी लिहायची होती. रंगाऱ्याने ‘न’ उचलून ‘टाकू’ला चिकटवला आणि ‘येथे कचरा टाकून ये’ असं झालं. महापालिकेची एवढी तंतोतंत पाळली गेलेली सूचना मी दुसरी पाहिली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा तर मी चातकासारखा वाट बघत होतो. घाईत लावलेल्या पाट्यांना तोड नसते. कुठे बेकर्सचे ‘बेकार्स’ झालेले मी डोळ्यांनी पाहिले. फ्लेक्सबद्दल काय बोलावं! एका भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या ‘आर्थिक शुभेच्छा’ दिल्या होत्या. ती छपाईची चूक होती की कार्यकर्त्याची सूचना, हे निवडणुकीनंतरही कळलं नाही.

ही सगळी कात्रणं मी एका वहीत चिकटवतो आणि घरी आलेल्या पाहुण्यांना चहाबरोबर वाचून दाखवतो. हल्ली पाहुणे चहा नको म्हणतात.

तर, आमची वरच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली. जाहिरात कशी लिहू नये याचा एवढा अभ्यास असलेला माणूस घरात असताना दलाल कशाला, असं मीच म्हणालो. मजकूर ऐसपैस लिहिला आणि खिडकीवर गेलो. तिथल्या पोराने शब्द मोजून रक्कम सांगितली. ती ऐकल्यावर मी बाकावर बसलो आणि पेन काढलं. ‘वरच्या मजल्यावरील प्रशस्त खोली’ यात ‘मजला’ कशाला? वर म्हटलं की मजला आलाच. ‘खोली’ तरी कशाला? भाड्याने दुसरं काय देतात? शेवटी जे उरलं ते असं:

‘वर भाड्याने देणे. जुने बांधकाम, मजबूत. नुकताच रंग दिला. गळती नाही. एकट्या नोकरदार महिलेस प्राधान्य. अनामत आवश्यक. सकाळी घरी येऊन पाहावे.’

पोराने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्या केसांकडे पाहिलं (त्यांना मी नुकताच रंग दिला होता) आणि एक अक्षरही न बोलता पावती फाडली. रविवारी जाहिरात विवाहविषयक सदरात आली. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

पहिला फोन सकाळी चहाच्या आधी आला. ‘बांधकाम नेमकं किती सालचं?’ एका वयस्कर बाईंनी विचारलं. मी जुन्या कागदपत्रांत बघून सांगितलं. ‘मग तसं फार जुनं नाही,’ त्या समाधानाने म्हणाल्या, ‘पण प्लास्टर वगैरे शाबूत आहे ना?’ आहे म्हटलं. दुसऱ्या एका बाईंना न पटल्यास अनामत परत मिळते का, हे हवं होतं. तिसऱ्याने गळती नाही याचा सविस्तर खुलासा मागितला आणि आपल्याला त्याच तक्रारीवर कुठलं औषध चालू आहे तेही सांगितलं. एवढं होईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तो सोलापूरच्या मामेभावाने पाडला. ‘दादा, वहिनींना कधी झालं रे? आम्हाला कळवलंही नाहीस!’ एवढं बोलून तो रडायलाच लागला.

वहिनी तेव्हा मागे उभी राहून जाहिरात वाचत होती. तिसऱ्यांदा वाचत होती, असं तिच्या खांद्यांच्या हालचालीवरून वाटलं. ‘भाडं काय ठरवलंय?’ तिने विचारलं. ‘फार सांगू नका हो, कुणी फिरकायचं नाही.’ त्यानंतर फोन तिनेच घ्यायला सुरुवात केली. ‘हो, आहे की अजून. नाही, मालकीण मीच. वापर भरपूर झालाय. देखभालीचा खर्च जास्त आहे, ते आधीच सांगते. आवाज? रात्री येतो.’

मी तडक कचेरी गाठली आणि शुद्धिपत्र छापा म्हणालो. पोराने सदर कसं ठरवतात ते समजावलं. पहिल्या शब्दावरून. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, पण हे त्याला सांगायची ती वेळ नव्हती. शुद्धिपत्राचेही शब्द मोजतात असं कळल्यावर मी पुन्हा बाकावर बसलो, पुन्हा पेन काढलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पूर्ण नावापत्त्यानिशी छापून आलं:

‘कालच्या जाहिरातीत वर असे वाचू नये. वरचा मजला रिकामा आहे, असे वाचावे.’

या वेळी फोन आले नाहीत. ओळखीच्यांपैकी कुणालाच यात काही दुरुस्ती वाटली नाही.

एक नोकरदार बाई मात्र खरोखर खोली बघायला आल्या. त्यांनी जाहिरातीचा बरोबर अर्थ लावला होता, त्या अर्थी हुशार असणार. खोली त्यांना आवडली, रंग आवडला, नळाचं पाणीही आवडलं. जाताना माझी वही समोर दिसली म्हणून त्यांनी सहज विचारलं आणि मी दोन पानं वाचून दाखवली. त्यांनी नंतर कळवते म्हणून सांगितलं.

खोली अजून रिकामी आहे. हवा भरपूर, पाणी दोन्ही वेळा. वाचकांपैकी कुणाला हवी असल्यास सकाळी यावं, दार सौ. उघडेल, तिला ‘खोली बघायला आलोय’ असं पूर्ण वाक्य सांगावं. वही वाचून दाखवली जाणार नाही, हे तिने लिहून द्यायला सांगितलं आहे.