थंड भाडं, गरम भाडं

यवतमाळच्या आर्णी रोडवर आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही, वरच्या चार खोल्यांत मेडिकल-इंजिनिअरिंगची पोरं. म्हणजे मी जन्मानं घरमालक. दरवर्षी हंगाम आला की बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि खोली मागायला आलेल्या पोराची मुलाखत घेत. गाव कोणतं? व्हेज का नॉनव्हेज? मित्र किती? "जास्त मित्र असलेला पोट्टा पानी लय वापरते," हा त्यांचा सिद्धांत. मी दाराआडून खुदुखुदु हसायचो.

ते हसणं 2025 साली जर्मनीत व्याजासकट फिटलं.

आखेनला एमएससाठी प्रवेश मिळाला. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवले, महिन्याला 992. पैसे होते, खोली नव्हती. वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर लागेपर्यंत डिग्री हातात पडली असती.

मग जाहिराती चाळू लागलो. प्रत्येकीत दोन भाडी: काल्टमीटे आणि वार्ममीटे. थंड भाडं, गरम भाडं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते खूश. "आपलंच तं हाय! बिनाकूलरची खोली तीन हजार, कूलरची साडेतीन."

"बाबा, इथं उलटं आहे. थंड भाडं कमी. हीटर, पाणी वगैरे धरलं की गरम."

पलीकडे बराच वेळ शांतता. पंचेचाळीस अंशांत जन्म काढलेल्या माणसाला उकडण्यासाठी पैसे मोजायचे, हे काही पचेना.

जाहिरातीतल्या एका घरात स्वयंपाकघरच नव्हतं. म्हणजे खोली होती, पण ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू घेऊन गेलेला. तिकडे तशी रीतच आहे. बाबा हादरले. "आपला भाडेकरू जाताना फार तं बल्ब काढून नेते. यानं ओटाच नेला?"

दुसरं घर स्वस्त आणि देखणं. मालक म्हणे स्कॉटलंडमध्ये. डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल. मी पाठवणारच होतो. बाबा म्हणाले, "त्याले म्हना, घर बी कुरिअरनंच पाठव." पैसे वाचले.

शेवटी वेगे. वोनगेमाइनशाफ्टचं लाडकं नाव; चार-पाच जणांनी मिळून घेतलेलं घर. नाव वेगे, पण काम अगदी सावकाश. आधी अर्ज, मग मुलाखत. सात ठिकाणी नापास झालो. आठव्या घरी तिघं जण टेबलामागे ओळीनं बसले होते. मला आमचा व्हरांडा आठवला. स्वच्छतेची पाळी पाळशील? रात्री दहानंतर आवाज? पाहुणे किती?

सगळे प्रश्न ओळखीचे. दहाला फाटक बंद, हे तर मी बाळकडूतच प्यालोय.

मग त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "शॉवरखाली किती वेळ उभा राहतोस?"

"मी उभा राहत नाही. एक बादली."

बादली हा प्रकार त्यांना कळेना. मोबाइलवर फोटो दाखवला. मग 2018 चा उन्हाळा सांगितला: निळोणा आणि चापडोह धरणं आटलेली, टँकरमागे रांगा, अंघोळीचं पाणी साठवून फरशीला आणि फरशीचं तुळशीला. तिघंही पाण्याचं बिल वाचवणारा देवदूत पाहावा तसे माझ्याकडे पाहत राहिले. संध्याकाळीच निरोप आला: खोली तुझी.

बाबांना सगळी मुलाखत ऐकवली. सात वेळा नापास झालो, हेही सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले.

पुढच्या हंगामात दिग्रसचा एक मुलगा खोली बघायला आला. आई सांगत होती, बाबांनी सवयीनं सुरुवात केली, "व्हेज का..." आणि मधेच थांबले. त्या पोराच्या हातातल्या बॅगेकडे पाहत म्हणाले, "जाऊ दे. चाय घेतं का?"

मला भरून आलं. मी विचारलं, "आणि कूलर?"

"कूलरचे पाचशे वेगळे," आई म्हणाली.