राहिलेल्या पदकासाठी अर्ज करताना

तोफखान्यात नोकरी केलेला आणि आता नाशिक जिल्ह्यात राहणारा माजी सैनिक हा देशातला सर्वांत भाग्यवान अर्जदार होय. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या माणसाला आपल्या कागदांसाठी बेळगाव गाठावं लागतं, महार रेजिमेंटवाल्याला मध्य प्रदेशातलं सागर, सिग्नलवाल्याला जबलपूर आणि ईएमईवाल्याला सिकंदराबाद. तोपचीचं रेकॉर्ड ऑफिस मात्र नाशिक रोड कॅम्पातच आहे. सिन्नरहून किंवा निफाडहून सकाळची एसटी धरली तर चहाच्या वेळेला गेटवर पोचता येतं. आत सोडतात की नाही, हा वेगळा विषय. पाकिटावरचं टपाल तिकीट आणि माहिती अधिकाराच्या अर्जाला जोडायची १० रुपयांची पोस्टल ऑर्डर यांची छपाईसुद्धा नाशिक रोडच्याच सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. हे कागद तिथून निघून देशभर फिरतात आणि अर्जाला चिकटून पुन्हा नाशिक रोडला परततात. एवढ्या जवळिकीनंतरही पदक लांबलं, तर दोष अंतराला देता येत नाही, हे अर्जदारानं आधीच समजून घ्यावं. शिवाय इथे वाट पाहण्याला परंपरा आहे. मुदत संपलेले इंग्रज शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत शेजारच्याच देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. जहाजं हिवाळ्यातच सुटत. आपली फाइल कोणत्या ऋतूत सुटते, एवढंच अजून ठरायचं आहे.

आता कोणत्या पदकाबद्दल बोलतो आहोत, ते स्पष्ट करू. शौर्यपदकांचा इथे संबंध नाही. त्यांची शिफारस होते, राजपत्रात नाव येतं, आणि पुढे पैसाही मिळतो, त्यामुळे ती सहसा हरवत नाहीत. मागे राहतात ती तारखेची आणि ठिकाणाची पदकं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी अंगावर वर्दी होती, तर स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. १५ ऑगस्ट १९९७ रोजी होती, तर पन्नासाव्याचं. ९, २० आणि ३० वर्षं नोकरी भरली, तर दीर्घ सेवेची तीन. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलसाठी ऑपरेशन विजयची पदकं. यांत माणूस किती धाडसी होता, हे कुणाला ठरवायचं नसतं. तो त्या दिवशी, त्या हद्दीत, त्या युनिटच्या हजेरीत होता का, एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर बेरीज-वजाबाकीनं निघतं. भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, मधल्या बदल्या. या तिन्ही गोष्टी पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून शीट रोलवर, म्हणजे सैनिकाच्या सेवा-नोंदींच्या कागदावर, चढवण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांच्याकडेच अर्ज करायचा असतो. थोडक्यात, सरकारनं स्वतः लिहिलेली गोष्ट सरकारला पुराव्यानिशी कळवणं, हे या अर्जाचं स्वरूप आहे. ज्याला यात विसंगती दिसते, त्यानं अर्ज करण्याची मानसिक तयारी अजून झालेली नाही असं समजावं.

विसंगती न दिसण्याचा सराव घरच्या घरी करता येतो. आपली पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काढून समोर ठेवावी. राखीव दलातले आणि अपंगत्वाचे अपवाद सोडले, तर १५ वर्षांची नोकरी भरल्याशिवाय शिपायाला पेन्शन बसत नाही. ती किती दिवस भरली, किती दिवस भरली नाही, हे हिशेबनिसांनी दिवस मोजून ठरवलेलं असतं. म्हणजे ज्याला पेन्शन चालू आहे, त्याची ९ वर्षं भरलेली आहेत, हे सरकारला ठाऊक आहे आणि दर महिन्याला ते मान्य करून पैसेही पाठवतं. तरी ९ वर्षांच्या पदकाच्या वेळी प्रश्न येतो की, आपली सेवा किती? कॅन्टीनचं कार्ड त्याहून बोलकं आहे. महिन्याच्या बाटल्यांचा कोटा हुद्द्याप्रमाणे ठरतो, म्हणून हवालदार कोण आणि सुभेदार कोण, हे त्या यंत्राला अचूक माहीत असतं. सरकारची स्मरणशक्ती कमी झालेली नाही. जिथे हिशेब तपासला जातो तिथे ती तल्लख असते, आणि जिथे तपासणारा कुणी नाही तिथे विश्रांती घेते. हे अर्जात लिहू नये. अर्जात फक्त ‘सविनय’ लिहावं.

यानंतर नावाकडे वळावं, कारण अर्धे अर्ज इथेच बसतात. निवृत्ती हे नाव भरतीच्या दिवशी उत्तरेकडच्या कारकुनानं जसं ऐकलं तसं इंग्रजीत उतरवलेलं असतं, शाळेच्या दाखल्यावर ते दुसऱ्या अक्षरांनी असतं आणि आधारवर तिसऱ्या. खुद्द नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग सरकारी कागदांतच दोन तऱ्हांनी सापडतं, पण गावाला खुलासा मागत नाहीत, माणसाला मागतात. जन्मतारखेबद्दल बोलायलाच नको. एका पिढीतला निम्मा महाराष्ट्र गुरुजींच्या कृपेनं १ जूनला जन्मला. सैनिक हयात नसेल आणि अर्ज पत्नीनं करायचा असेल, तर अडचण रंगतदार होते. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, त्यामुळे माहेरची एक, सासरची एक आणि ‘बाई’ जोडलेली एक अशा तिघी एकाच पेन्शनीवर हक्क सांगत असल्याचं कागदावर दिसतं. त्या तिघी एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी आणि कात्रण जपून ठेवावं. हे सगळं मनापासून करावं, कारण पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. कागदावरची चूक खोडता येते, धातूतली पुढच्या पिढ्यांना शुद्धलेखनासह मिळते.

अर्जाची वेळ साधणं हे तर शास्त्रच आहे. फार लवकर अर्ज केला, तर पदकं अजून टांकसाळीतून आलेली नाहीत, असं उत्तर मिळू शकतं. फार उशिरा केला, तर दुसरं उत्तर तयार असतं. पेन्शन न बसलेल्या सैनिकाची सेवा-कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नियमानुसार नष्ट केली जातात आणि मागे उरतो तो लाँग रोल, म्हणजे थोडक्या नोंदींचं जाड बाड. त्यात माणूस होता एवढं कळतं, तो कुठे होता हे कळेलच असं नाही. याला नाक मुरडण्याआधी जगाकडे पाहावं. अमेरिकेत सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक सैनिकांचे कागद जळाले. आम्हाला आगीची गरज पडत नाही, नियम पुरतो. फरक पुढच्या वागण्यात आहे. तिथल्या अभिलेखागारानं पगाराची बिलं, तुकड्यांचे दैनंदिन अहवाल असं जे सापडेल ते शोधून जळालेल्या नोंदी पुन्हा उभ्या करायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. कागद आमच्या ताब्यात होते, तेव्हा ते शोधायचे आम्ही, असा साधा विचार. आपल्याकडे ही जबाबदारी ऐंशी वर्षांच्या गुडघेदुखीवर सोपवलेली आहे, आणि त्यात अर्जदाराच्या प्रकृतीला व्यायाम मिळतो, हा फायदा नाकारता येणार नाही.

यावर समंजस लोक काही आक्षेप घेतात. त्यांना उत्तर द्यायला हवं, कारण ते गावच्या पारावरही भेटतात. पहिला आक्षेप असा की, या पदकांना पैसा नाही, मग एवढी धडपड कशाला? आक्षेपात तथ्य आहे, आणि तेच खरं कारणही आहे. पैसा नसल्यामुळे देणाऱ्याला घाई नाही. पण पैसा नाही म्हणून मागणारा हावरट ठरत नाही, उलट फुकटची वस्तू चाळीस वर्षं अडवून धरणाऱ्याचा हेतू अधिक गूढ ठरतो. दुसरा आक्षेप लबाडीचा: कुणीही येईल आणि पदक मागेल, म्हणून तपासणी कडक हवी. ज्याला लबाडी करायची आहे तो अर्ज करतो कशाला? छावणीच्या बाजारात फितीसकट नक्कल मिळते, शिंपी पट्टीवर बसवूनही देतो. अस्सल पदकं वेळेवर न आल्यामुळे नोकरीतले जवानसुद्धा परेडला याच नकला लावतात. खोटं पदक दहा मिनिटांत आणि खरं दहा वर्षांत, अशा बाजारात कडक तपासणीचा जाच फक्त प्रामाणिक माणसाला होतो. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. फौजीनं निघतानाच डिस्चार्ज बुक नीट का तपासलं नाही? खरं आहे, तपासायला हवं होतं. फक्त एवढं लक्षात घ्यावं की त्या पुस्तकातलं लिहिणं त्याचं नव्हतं, भाषा त्याची नव्हती, आणि वरिष्ठानं जिथे बोट ठेवलं तिथे सही करायची, हीच सवय त्याला पंधरा वर्षं पगार देऊन लावलेली होती.

प्रत्यक्ष कृतीत, आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, म्हणजे गावच्या भाषेत सैनिक बोर्डात जावं. अर्ज त्यांच्यामार्फत पाठवला तर पाठपुराव्याला एक टेबल तरी मिळतं. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओची साक्षांकित प्रत जोडावी. मूळ प्रत कोणी कितीही प्रेमानं मागितली तरी देऊ नये. हे एक वाक्य विनोदानं लिहिलेलं नाही. आवक क्रमांक घ्यावा आणि तो मुलाच्या फोनवरही ठेवावा. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्याच शीट रोलची प्रत मागावी. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असल्यानं निदान नकार तरी वेळेवर मिळतो. प्रत आली की ती डोळ्यांत तेल घालून वाचावी. पुष्कळदा ज्या नोंदीचा पुरावा आपल्याकडून मागितला जातो, ती त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच शिक्क्याखाली असते. तेवढ्या ओळीखाली रेघ मारून तोच कागद त्यांनाच परत पाठवावा. याउपर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईला आहे, आणि तिथे गेलं की पदकापेक्षा वकिलाची फी वजनाला जास्त भरते.

पदक आलंच, तर ते छातीच्या डाव्या बाजूला लावतात. अर्जदार तोवर नसेल, तर युद्धस्मारकावरच्या श्रद्धांजलीच्या वेळी जवळच्या नातेवाइकानं ते उजव्या बाजूला लावायला लष्कराची मुभा आहे. त्यासाठी नातं सिद्ध करावं लागतं. म्हणून नातवाचं नाव रेशन कार्डावर, दाखल्यावर आणि आधारवर एकाच स्पेलिंगमध्ये आहे ना, हे आजच पाहून घ्यावं.