कुठे उतरणार?

देवनारला लोकलचं स्वतःचं स्टेशन नाही. आम्ही गोवंडीला उतरतो आणि पत्ता विचारला की देवनार सांगतो. आमच्या भागातली रेल्वे मुळात माणसांसाठी आलीच नव्हती. कुर्ला-चेंबूर रूळ १९०६ साली पडले ते शहराचा कचरा वाहायला. त्यावर प्रवासी चढले १९२४ साली. म्हणजे अठरा वर्षं कचरा कन्फर्म होता आणि माणसं वेटिंगवर. ‘जागा मिळेल ना?’ ही धास्ती तेव्हापासून आमच्या हाडीमाशी खिळलेली.

तीच धास्ती हॅन्डबॅगेत भरून आमच्या बिल्डिंगमधले काका-काकू यंदा युरोपला निघाले. ग्रुप टूर काकांना नको होती. “बसमधून उतरवतात, फोटो काढतात, परत बसमध्ये कोंबतात आणि रात्री बटाट्याची भाजी वाढतात. ते मला इथे बसून मिळतं.” म्हणून ट्रेनने फिरायचं ठरलं.

या खुळाचं मूळ १९९५ सालचं आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ लागला आणि युरेल नावाचं काहीतरी असतं हे मराठी मध्यमवर्गाला कळलं. त्यात राज आणि सिमरन लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून युरोपची गाडी पकडतात. किंग्ज क्रॉसच्या गाड्या जातात स्कॉटलंडकडे. पॅरिसची युरोस्टार तेव्हा वॉटर्लूहून सुटायची. आणि शेवटची ती हात धरून चढायची धावाधाव? ती झाली आपट्याला, आपल्या पनवेलच्या पुढे. हे काकांना वेळेत कळलं असतं तर हार्बर लोकलवर भागलं असतं.

काकांनी युरेलचा पास घेतला. आता ‘पास’ म्हणजे काय, हे मुंबईकराला शिकवू नये. पैसे एकदा भरायचे, टीसी आला की दाखवायचा, जागा मिळाली तर नशीब. या पासात ३३ देश! काकांनी तो लॅमिनेट करायला टाकला असता, पण तो मोबाइलमध्ये होता.

मग एकेक कळायला लागलं. फ्रान्सची टीजीव्ही, युरोस्टार, इटलीच्या वेगवान गाड्या या सगळ्यांत नुसत्या पासवर चढता येत नाही. आरक्षणाचे पैसे वेगळे. त्यातही टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांच्या जागांचा कोटा ठरलेला. तो संपला की गाडी अर्धी रिकामी असली तरी तुम्ही फलाटावर.

“म्हणजे पास काढून वर तिकीट काढायचं?” काकांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत आला.

काका, फर्स्ट क्लासचा पास दाखवून एसी लोकलमध्ये बसून बघा. टीसी नीट समजावून सांगेल.

स्वित्झर्लंडने तर काकांची झोपच उडवली. ग्लेशियर एक्स्प्रेससारख्या मोजक्या गाड्या सोडल्या तर तिथे आरक्षण लागतच नाही. तिकीट घ्या, चढा, बसा. काकांना हे पटेना. “आरक्षण नाही म्हणजे जनरल डबाच की!” या देशात तीन मिनिटांचा उशीर हा उशीर धरतात, आणि तरीही शंभरातल्या ९३च्या आसपास गाड्या वेळेवर येतात. शेजारच्या जर्मनीत सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ, तरीही २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्या वेळेवर आल्या फक्त ६२.५ टक्के. हे ऐकून काकांना युरोपबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

मधल्या काळात व्हिसा. शेंगेनच्या अर्जाला कुठल्या दिवशी कुठे राहणार, कुठून कुठे जाणार याचा सगळा हिशेब जोडायचा. लवकर काढलेलं रेल्वेचं तिकीट स्वस्त, पण सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत नाहीत. व्हिसाची वाट बघावी तर तिकीट महागतं, तिकीट आधी काढावं तर व्हिसा रुसतो. व्हिसाची फी ९० युरो, ती नकार आला तरी गेली. आपलं वेटिंगचं तिकीट बरं. चार्ट लागल्यावर थोडे कापून का होईना, पैसे तरी परत येतात.

सूनबाईंनी जपान सुचवून पाहिलं. तिथे स्टेशनच्या खिडकीवर शिंकान्सेनचं आरक्षण महिनाभर आधी, सकाळी बरोबर १० वाजता उघडतं. काकूंच्या तोंडून एकच शब्द आला, “तत्काळ!” फक्त टोकियोचे १० म्हणजे देवनारचे साडेसहा, दूधवाल्याच्या आधी उठायचं. पुढची अट: टोकियो-ओसाका मार्गावर बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर बॅगेच्या जागेसकट सीट आधीच धरायची. काकूंनी शिवणाची टेप आणली. बॅग मोजली. मग चकलीचा डबा मोजला. जपान रद्द झालं.

आता जरा घरचा आहेर. आपल्या रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली. परदेशी पर्यटकांसाठी मात्र ती ३६५ दिवसच राहिली. म्हणजे हॅम्बुर्गचा पाहुणा त्याच्या कोट्यातून वर्षभर आधी निश्चिंत. ज्याचं गाव कोकणात, त्याने मात्र गणपतीच्या बरोबर साठ दिवस आधी बोट मोबाइलवर ठेवून बसायचं आणि पाच मिनिटांत ‘रिग्रेट’ वाचायचं. बाप्पा दरवर्षी येतो, तारीख दाते पंचांगात छापलेली असते. पण नियोजन करायचा हक्क व्हिसावर येणाऱ्याला.

काका-काकू गेल्या आठवड्यात परतले. मी विचारलं, “काय पाहिलंत?” आल्प्स नाही, आयफेल नाही, काका सुरू झाले सीटवर.

“जर्मन गाडीत प्रत्येक सीटपाशी छोटी पाटी पेटते. ही जागा कुठून कुठपर्यंत धरलेली, ते त्यावर. धरणारा पंधरा मिनिटांत आला नाही तर जागेवरचा त्याचा हक्क गेला. अरे, आपण कुर्ल्याला तोंडाने विचारतो ना, ‘कुठे उतरणार?’ तेच त्यांनी दिव्यांत लिहिलंय!”

“मग तुम्ही आरक्षण केलं होतंत?”

“पास होता ना! तिथे पासवर चढू देतात. फ्रँकफर्टला चढलो, गाडी भरलेली. तिथे चौथी सीट नसते, कुणी सरकतही नाही. काकूने एका बाईंना खुणेने विचारलंच, कुठे उतरणार? बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. कोलोन. म्हटलं ठीक आहे, आपण त्यांच्याच डोक्यावर उभं राहू. तासभर जागचे हललो नाही. कोलोन आलं, बाई उठल्या, जागा रिकामी.”

“वा! मग बसलात?”

“कसले बसतोय,” काका म्हणाले. “आम्हालाही कोलोनलाच उतरायचं होतं.”