सप्रेम भेट

आमची इमारत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेपेक्षा वयाने मोठी आहे. महापालिका स्थापन झाली १९८३ साली. तोवर आमची गच्ची गळायला लागूनही दोन पावसाळे झाले होते. पण हल्ली वडीलधाऱ्यांचा मान कोण ठेवतो? पुनर्विकासाचं ठरलं आणि महिनाअखेरपर्यंत सर्वांनी घरं रिकामी करावीत, असा कागद सोसायटीच्या फळ्यावर लागला.

कायद्याने हे काम फार सोपं करून ठेवलंय. कलम ७९(अ)खाली सरकारने २०१९ साली जे निर्देश काढले, त्यांनुसार ५१ टक्के सभासदांनी हो म्हटलं की पुनर्विकास मंजूर. घरातला पोह्यांचा एक गंजका डबा टाकायचा असेल तर मात्र शंभर टक्के संमती लागते, आणि तीत वारलेल्या माणसांची मतंही धरावी लागतात. "तो डबा घेऊन तुझे सासरे रेशनच्या रांगेत उभे राहायचे," असं सासूबाई म्हणाल्या की ठराव बारगळला.

पुढे काय वाढून ठेवलंय ते सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. विशेष सर्वसाधारण सभेत बिल्डरची माणसं पडद्यावर नकाशे दाखवत होती. कुणी कार्पेट विचारत होतं, कुणी कॉर्पस, कुणी पार्किंग. सासूबाईंनी हात वर केला.

"माळा आहे का?"

टाय लावलेला मुलगा म्हणाला, "आजी, मॉड्युलर किचन आहे. ओव्हरहेड स्टोरेज देतोय."

"ते कळलं. माळा आहे का?"

मुलाने वळून साहेबांकडे पाहिलं. माळा नव्हता. सभेतल्या समस्त बायका एकदम गप्प झाल्या. आमच्या चेअरमनना हे आजवर कधी जमलं नव्हतं.

ज्यांनी तेव्हाच्या डोंबिवलीतलं घर पाहिलेलं नाही त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. त्या घरात माणसं खाली राहायची आणि संसार वर. बाथरूमच्या डोक्यावर, पॅसेजवर, स्वयंपाकघरात, जिथे जिथे भिंत सापडली तिथे सिमेंटचा माळा आणि त्याला सनमायकाची दारं. एकदा वर गेलेली वस्तू दोनच कारणांनी खाली यायची, गणपती नाहीतर लग्न. आमच्या माळ्याच्या तोंडाशी मखर होतं. मखरामागे तांब्याचा बंब, बंबाच्या पोटात पितळी स्टोव्ह आणि स्टोव्हशेजारी पिनांचं पाकीट. गीझर बिघडला तर बंब, गॅस संपला तर स्टोव्ह, स्टोव्ह तुंबला तर पिन. आमच्या घराण्याने संकटाचा विचार शेवटपर्यंत केलेला असतो. रॉकेल कुठून आणायचं, तेवढं राहून गेलं.

शिडीवर आमचे हे, खाली मी आणि मध्ये खुर्ची टाकून सासूबाई, अशी रचना ठरली. खाली आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या समोरून जायची आणि त्या निकाल द्यायच्या. निकाल दोनच होते: "असू दे" आणि "कुणाला तरी देऊ". 'टाका' हा निकाल आमच्या न्यायालयाच्या अधिकारात बसत नाही.

मुलगा बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करत होता. त्याने मारी कोंडो या जपानी बाईंचं पुस्तक वाचलंय. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद झाला तर ठेवायची, नाहीतर निरोप द्यायचा. सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "केरसुणी हातात घेऊन कुणाला आनंद झालाय रे आजवर?" त्यावर जपानकडे उत्तर नसावं. मग मी त्याच्या शाळेच्या वेळचा डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचा डबा कॅमेऱ्यासमोर धरला. "ते राहू दे गं आई," तो म्हणाला आणि त्याला एकाएकी ऑफिसची मीटिंग आठवली.

ह्यांचं खातं कागदपत्रांचं. विजेच्या बिलांच्या फायली, प्रत्येकीवर लाल पेन्सिलीने 'जपून ठेवणे'. ज्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची ती बिलं, ते मंडळ २००५ साली मोडून त्याच्या कंपन्या झाल्या. मंडळ गेलं, पावत्या शाबूत.

"अहो, आता या कोण मागणार?"

"मंडळ."

यावर बोलण्यात अर्थ नसतो. शिवाय तेवढ्यात माळ्यावर अंथरलेला १९८३च्या जूनमधला वर्तमानपत्राचा कागद त्यांच्या हाती लागला आणि ते शिडीवरच बसून वाचायला लागले. भारत १८३, वेस्ट इंडीज १४०. निकाल ठाऊक असूनही त्यांनी मध्ये एकदा "आता रिचर्ड्स गेला पाहिजे" असं म्हटलं. रिचर्ड्स गेला. त्या दिवशी माळ्यावरून दुसरं काहीही खाली आलं नाही.

कपाटाच्या खणातले कागद काढायचं काम मी मुद्दाम स्वतःकडे घेतलं होतं, कारण सासूबाईंची बँक तिथे आहे. अपेक्षेप्रमाणे साड्यांखालच्या कागदाखाली पाचशेच्या चार जुन्या नोटा निघाल्या. २०१६ साली आठ नोव्हेंबरच्या रात्री या नोटा बाद झाल्या, तेव्हा आम्ही त्यांना दहादा विचारलं होतं. प्रत्येक वेळी "माझ्याकडे कुठले आलेत पैसे?" हेच उत्तर मिळालं. आता हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आई, २०१७चा कायदा आहे. अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे."

सासूबाईंनी नोटा पुन्हा मोजल्या. "म्हणजे अजून सहा चालतील," त्या म्हणाल्या आणि डाळींच्या डब्यांकडे निघाल्या.

देव्हाऱ्याखालच्या डबीतली पंचवीस पैशांची नाणी आम्ही मोजलीसुद्धा नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी सरकारने २०११च्या जूनअखेर बंद केली. आमच्या देवांना ते कुणी कळवलेलं नाही.

कपड्यांसाठी भांडीवालीला बोलावलं. तिने जिन्यात फडकं पसरलं, एकेक पँट उजेडाला धरून गुडघे तपासले, सिंथेटिक साड्या बोटाने बाजूला सारल्या आणि जरीचा काठ नखाने खरवडून पाहिला. तिने आधी एक गाळणं काढलं. सासूबाईंनी ते तिच्याकडे अशा नजरेने परत केलं की पुढचं पातेलं तिने आपण होऊन काढलं. तासाभराच्या घासाघिशीनंतर ढीगभर कपडे गेले आणि कडीचा एक भलामोठा डबा घरात आला. सामान कमी करायला बसलो होतो, हे त्या भरात सगळेच विसरलो. नवा डबा रिकामा नेणं बरं दिसेना, म्हणून 'असू दे' निकालाच्या वस्तू त्यात भरल्या.

राहता राहिला 'कुणाला तरी देऊ'चा ढीग. अडचण अशी की अख्खी इमारत एकाच वेळी रिकामी होत होती आणि प्रत्येक घरात असाच ढीग होता. देणारे सगळे, घेणारं कुणी नाही. पण वर्षानुवर्षं संक्रांतीला प्लॅस्टिकच्या चाळण्या आणि साबणदाण्या लुटलेल्या, ओटीतले ब्लाउजपीस न उलगडता पुढे धाडलेल्या आमच्या बायकांना या विषयाचा दांडगा अनुभव. मी एक खण तुटलेलं इडलीपात्र दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना दिलं. तिथून ते तिसऱ्या मजल्यावर गेलं, तिथून वॉचमनच्या खोलीत. दोन दिवसांनी तळमजल्यावरच्या काकू प्रेमाने आल्या. "तुमच्याकडे नेहमी इडल्या होतात ना, म्हणून म्हटलं…" जाताना पात्र एकटं गेलं होतं, येताना चकत्या हरवलेला सोऱ्या घेऊन आलं.

याहून मोठा घोळ स्टीलच्या भांड्यांचा. भांड्यावर नाव कोरून घ्यायची पद्धत ज्याने काढली त्याने शेजाऱ्यांमधल्या पुष्कळ कज्जांची सोय करून ठेवली. आमच्या कढईवर तिसऱ्या मजल्याचं नाव, त्यांच्या कुकरच्या भांड्यावर आमचं, आणि आमच्या पुरणयंत्राची पाती एका घरात, दांडा दुसऱ्या. संध्याकाळी जिन्यांतून परतफेड सुरू झाली. "तरी म्हटलं ही वाटी आमची नाही," असं भोळ्या चेहऱ्याने म्हणत लोक वीस वर्षं वापरलेली वाटी परत करत होते. त्यात भांडं रिकामं परत करू नये ही आपली रीत. एरवी चार दाणे साखर घातली की भागतं. पण इथे सगळ्यांचीच स्वयंपाकघरं आवरायची होती. त्यामुळे प्रत्येक भांड्यातून अर्धी पाकिटं आली: साबुदाणा, शेवया, मुदत उलटलेली कस्टर्ड पावडर, आणि एका पातेल्यातून खडेमिठासारखं काहीतरी, जे तुरटी निघालं. आम्हीही मागे राहिलो नाही. आमच्याकडचा सगळा गोडा मसाला असाच मार्गी लागला.

भाड्याचं घर सासूबाईंनी निवडलं. बिल्डर देतो त्या भाड्यात लिफ्टची दोन घरं मिळत होती. त्यांनी लिफ्ट नसलेलं तिसरं घेतलं, कारण तिथे माळा होता. करारावर सह्या झाल्यावर मालकांनी माळ्याचं दार उघडून दाखवलं. वर त्यांचं मखर होतं. त्यामागे बंब.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी फिनेल मागितलं. हे म्हणाले, "अगं आई, परवा इथे पोकलेन येणार आहे. लादी कसली पुसतेस?"

"घाण घर सोडून गेलो तर येणारा माणूस काय म्हणेल?"

"येणारा माणूस पोकलेनचा ड्रायव्हर आहे!"

"मग तो काय म्हणेल?"

फिनेल टाकून लादी पुसली, बाथरूमच्या टाइल्स ॲसिडने घासल्या, खिडकीच्या गजांवरूनही फडकं फिरलं. समोरच्यांच्या दारातून पाण्याचा ओघळ येत होता, म्हणजे तिकडेही तेच चाललं होतं. पुनर्विकासाला जाणाऱ्या इमारतींमध्ये आमची सर्वांत स्वच्छ असणार, हे मी खात्रीने सांगते.

आता एक विनंती. आवराआवरीत आमच्याकडे पोह्यांचा एक मोठा डबा निघाला आहे, गंजक्याहून वेगळा, चांगल्या जाड स्टीलचा. नाव घासून गेलंय. त्याखालचं 'यांजकडून सप्रेम भेट' एवढंच वाचता येतं. डोंबिवली पूर्वेत कुणाचा असेल, किंवा आपणच पूर्वी कुणाला दिला असेल, तर अवश्य घेऊन जावा. झाकण बसत नाही, ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. आणि डबा आम्ही रिकामा देणार नाही.