पानवाले नाना

प्रत्येक सोसायटीत एक गुलाबवाले असतात, एक तुळशीवाल्या असतात आणि कुंडीतला कढीपत्ता अख्ख्या मजल्याला पुरवणाऱ्या एक पुण्यवान काकू असतात. नाना यांच्यातल्या कुणाच्याही पंक्तीला बसत नाहीत. "फुलं काय, कुणाच्याही घरी येतात," असं त्यांचं मत आहे. नाना बेगोनिया पाळतात, तोही पानांचा. त्याला चुकून फुलाची दांडी आली तर लोकांना दिसायच्या आत खुडून टाकतात.

कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये पूर्वी मुलाच्या वक्तृत्वाच्या ढाली आणि काश्मीरहून आणलेला शिकारा होता. आता तिथे दिव्याची पट्टी आहे, गारगोट्या आणि पाणी भरलेल्या ताटल्या आहेत आणि हवेतला ओलावा दाखवणारं एक चिमुकलं यंत्र आहे. ढाली पलंगाखाली गेल्या. नाना सकाळी डोळे उघडले की चष्म्याआधी ते यंत्र शोधतात. "बासष्ट!" अशी आरोळी ऐकू आली की घरच्यांनी समजावं, आज चहा शांतपणे पिता येईल. एप्रिलमध्ये हाच आकडा विशीत उतरतो. ती हवा पापडाला उत्तम, पण नाना गच्चीवरच्या पापडांकडे शत्रुपक्षाचा माल असल्यासारखे बघतात.

पाहुणा आला की आधी पाणी, मग इतिहास. रेक्स बेगोनिया मूळचा आसामचा. १८५० च्या दशकात तो युरोपात पोचला, १८५७ मध्ये एका बेल्जियन शास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं आणि मग तिकडच्या लोकांनी त्याचे संकर करकरून चांदीचे, जांभळे, गोगलगाईसारखी गिरकी घेणारे प्रकार काढले. 'बेगोनिया' हे नाव मिशेल बेगों या फ्रेंच अधिकाऱ्यावरून पडलं, हेही नाना सांगतात. त्यावर नानांच्या सौ., म्हणजे आमच्या काकू, आतून विचारतात, "त्यांच्या घरी कुंड्यांखालची फरशी कोण पुसायचं?" इतिहास इथे थांबतो.

नानांचा खरा झगडा पंख्याशी आहे. पंखा लावला तर पानांच्या कडा करपतात. बंद ठेवला तर हवा कोंडून पानांवर भुरी येते. मधला मार्ग म्हणून पंखा 'एक'वर असतो, आणि मे महिन्यातही त्याचं बटण नानांच्या ताब्यात असतं. जावई घामानं निथळत सोफ्यावर बसलेला आणि नाना त्याला समजावताहेत, "यांना हवा हवी असते, वारा नको असतो." उभ्या हयातीत या घरात नानांच्या सोयीनं खिडकीचा पडदासुद्धा कधी सरकला नव्हता. आता "झाडांना लागतं" एवढं म्हटलं की टीव्हीची जागा बदलते. बेगोनियानं त्यांना काय दिलं असेल, तर हा अधिकार.

एकदा निफाडहून त्यांचे द्राक्षबागायतदार मेहुणे आले होते. नाना भिंग घेऊन एका पानावरचा पांढरा ठिपका बघत होते, चेहरा उतरलेला. मेहुण्यांनी विचारलं, "काय झालं, दाजी?" नाना म्हणाले, "भुरी." मेहुणे क्षणभर गंभीर झाले, त्यांच्या घरात हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. "किती क्षेत्राला?" त्यांनी विचारलं. नानांनी पान दाखवलं. मेहुण्यांनी ते चिमटीत धरून तोडलं, खिडकीतून खाली टाकलं आणि म्हणाले, "गेली." त्या रात्री नाना जेवले नाहीत. उपाय बरोबर होता, हे मात्र त्यांनी आजतागायत कबूल केलेलं नाही.

रोपं वाढवण्याची नानांची रीत बघण्यासारखी आहे, तेव्हा आपण श्वास रोखून उभं राहायचं असतं. एक तजेलदार पान घ्यायचं, उलटं करायचं आणि मागच्या जाड शिरांना दाढीच्या ब्लेडनं मध्येमध्ये छेद द्यायचे. मग ते सुलटं करून ओलसर कोकोपीटवर पसरायचं आणि शिरा मातीला टेकून राहाव्यात म्हणून काकूंच्या केसांच्या पिना त्यात टोचायच्या. वर पावभाजीच्या पार्सलचा पारदर्शक डबा. काही आठवड्यांनी एकेका छेदापाशी तांदळाएवढी रोपं फुटतात आणि काकूंना पिना परत मिळतात, गंजलेल्या. सगळं एका पानावर भागतं, त्यामुळे नानांच्या खिशात कायम एक प्लॅस्टिकची पिशवी असते. पाचगणीच्या एका हॉटेलातून निघताना ती फुगलेली होती. "पान आपोआप गळालं होतं," असं नाना म्हणाले. देठ ब्लेडनं कापल्यासारखा सरळ होता, त्याला ते काय करणार?

इतरांनी पाणी घालणं हा या घरात गुन्हा आहे. नाना कुंडी उचलून वजनावरून ठरवतात आणि दहातल्या सहा वेळा तशीच खाली ठेवतात. हे त्यांचं खरं कौशल्य. बेगोनिया तहानेनं क्वचित मरतो. मरतो तो बहुधा लाडानं, कारण मातीत सतत ओल राहिली की त्याचा कंद कुजतो. नानांना हे इतकं पाठ आहे की ते गावाला जाताना शेजाऱ्यांना बजावतात, "काहीही करू नका." एवढं सोपं काम आजवर एकाही शेजाऱ्याला जमलेलं नाही.

डिसेंबरात थंडी वाढली की काही रेक्स सगळी पानं टाकून बसतात. नाना तेव्हाही पाहुण्यांना कुंडी दाखवतात. तिच्यात नुसती माती आणि एक तपकिरी गाठ. "झोपलाय," नाना कुजबुजतात, आणि पाहुणेही आवाज खाली आणतात. गेल्या थंडीत कामाच्या मावशींनी ती गाठ वाळकं आलं समजून काढली आणि कुंडी स्वच्छ घासून पालथी घातली. नानांनी ओल्या कचऱ्याच्या बादलीतून गाठ परत आणली. मार्चमध्ये तिला पान फुटलं, तेव्हा मावशींना पेढा मिळाला. का मिळाला, ते त्यांना अजून समजलेलं नाही.

पावसाळ्यात सोसायटीची सहल लोणावळ्याच्या पुढे गेली होती. वाटेत एका काळ्या, निथळत्या कातळावर गुलाबी फुलांची नाजूक झाडं दाटीनं उगवली होती. वाकडी, एका बाजूला झुकलेली पानं. "बाबा, तुमचा बेगोनिया!" मुलगा ओरडला. खरंच होता. सह्याद्रीतला क्रेनाटा: पावसात दगडाच्या फटीत मूठभर माती मिळाली की वाढतो, पाऊस सरला की कंदापुरता उरतो, आणि पुढच्या जूनला कुणी न बोलावता परत हजर. त्याच्याजवळ यंत्र नव्हतं, ताटली नव्हती, आणि वारा तर असा की छत्र्या उलट्या होत होत्या. सगळे नानांकडे बघायला लागले.

नानांनी चष्मा पुसला, पान उलटंसुलटं केलं आणि सोडून दिलं.

"असेल," ते म्हणाले, "पण आपलं काहीच काम नसेल, तर अशा झाडाचं करायचं काय?"

काकू तोवर भज्यांच्या टपरीपाशी पोचल्या होत्या.